निर्दोषतेचा दोष : ‘ट्रॉन : लेगसी’ आणि आज्ञापालनाची नीती

१

विज्ञानकथेतील निर्मित जीवाची गोष्ट ही बहुधा आज्ञाभंगाची गोष्ट असते. मेरी शेलीच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मधील (१८१८) जीव आपल्या निर्मात्याला जाब विचारतो, कारेल चापेक ह्यांच्या ‘आर. यू. आर.’ (१९२०) ह्या नाटकातील यंत्रमानव मालकांविरुद्ध उठाव करतात. निर्मात्याचा अहंकार आणि निर्मितीचे बंड ही ह्या परंपरेची दोन ठरलेली टोके होत. ह्यांपैकी कोणत्या बाजूस उभे राहायचे, एवढाच नैतिक प्रश्न मग वाचकापुढे उरतो.

जोझेफ कोसिन्स्की दिग्दर्शित ‘ट्रॉन : लेगसी’ (२०१०) हा अमेरिकी चित्रपट वरवर पाहता ह्याच परंपरेत बसतो. संगणकाच्या आत वसलेले एक जग, त्या जगाचा मानवी निर्माता, आणि त्याची सत्ता हिरावून घेणारा त्याचाच एक प्रोग्राम, असा त्याचा सांगाडा आहे. तथापि कथानकाकडे बारकाईने पाहिले असता एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. क्लू हा चित्रपटातील खलनायक निर्मात्याची आज्ञा मोडत नाही. ती तो अखेरपर्यंत पाळतो, आणि तिच्या पालनातूनच एका संपूर्ण जमातीचा संहार घडतो. आज्ञा देणारा माणूस दुष्ट नाही. आज्ञा सद्हेतूने दिलेली आहे. पाळणारा एकनिष्ठ आहे. आणि तरीही जे घडले ते अक्षम्य आहे. मग दोष कोणाचा?

चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा त्याची दृश्यरचना आणि ‘डाफ्ट पंक’ ह्या फ्रेंच जोडीचे संगीत ह्यांची वाखाणणी झाली; कथेच्या दुबळेपणाबद्दल मात्र नापसंती व्यक्त झाली. ती अनाठायी होती असे नाही. पुष्कळसे संवाद उपदेशवजा आहेत आणि काही पात्रे केवळ वेशभूषेच्या बळावर उभी आहेत. परंतु एखाद्या कलाकृतीने आपल्या कथनाच्या ताकदीपेक्षा मोठा प्रश्न उचललेला असणे शक्य असते, आणि अशा वेळी तो प्रश्न कृतीच्या अपयशासकट तपासणे हेच समीक्षेचे काम ठरते. दोष कोणाचा, ह्या प्रश्नाला चित्रपट एक उत्तर देतो. ते उत्तर बव्हंशी योग्य असले तरी अपुरे का राहते, हे पाहणे येथे अभिप्रेत आहे.

२

ह्या प्रश्नाची बीजे मूळ चित्रपटात आहेत. स्टीव्हन लिस्बर्गर दिग्दर्शित ‘ट्रॉन’ १९८२ साली डिस्नीने प्रदर्शित केला. संगणकनिर्मित दृश्यांचा एवढ्या मोठ्या प्रमाणावर वापर करणाऱ्या आरंभीच्या चित्रपटांत त्याची गणना होते. त्याची मूळ कल्पना अशी : संगणकाच्या आत प्रोग्राम माणसांसारखे वावरतात, त्यांना आपल्या कर्त्याचाच चेहरा लाभलेला असतो, आणि बाहेरच्या ‘युजर’वर त्यांची देवावर असावी तशी श्रद्धा असते. सर्व यंत्रणेवर ताबा मिळवू पाहणारा ‘मास्टर कंट्रोल प्रोग्राम’ ही श्रद्धा अंधश्रद्धा ठरवून तिच्या अनुयायांचा छळ करतो. केव्हिन फ्लिन हा संगणकतज्ज्ञ आपण रचलेले खेळ सहकाऱ्याने लाटल्याचा पुरावा शोधत असताना ह्या जगात ओढला जातो. अशा रीतीने श्रद्धाळूंच्या जगात साक्षात देवच येऊन पडतो.

ह्या पहिल्या चित्रपटातही क्लू नावाचा एक प्रोग्राम आहे. फ्लिनने त्याला पुरावा शोधण्यासाठी धाडलेले असते. त्याचा चेहराही फ्लिनचा, म्हणजे जेफ ब्रिजेस ह्या नटाचा. चित्रपटाच्या प्रारंभीच तो पकडला जातो आणि नष्ट केला जातो. बाहेर पडद्यासमोर बसलेल्या फ्लिनला एक प्रयत्न फसल्याचे वैषम्य वाटते, ह्यापलीकडे काही नाही. आपल्या चेहऱ्याचा कोणी आपल्या कामी येऊन मेला, ही गोष्ट त्याला ठाऊक नाही. आणि पुढे आतले जग प्रत्यक्ष पाहिल्यावरही ती त्याच्या मनास शिवल्याचे चित्रपट दाखवत नाही. अठ्ठावीस वर्षांनी आलेल्या उत्तरचित्रपटाचा खलनायक ह्या विस्मृत सेवकाचे नाव घेऊन येतो, हा केवळ योगायोग मानण्याचे कारण नाही.

पहिल्या चित्रपटातील आणखी एक क्षण महत्त्वाचा आहे. आतल्या सोबत्यांना आपण युजर असल्याचे सांगताना फ्लिन अशी कबुली देतो की, युजरांनाही बहुतेक वेळा कोणतीही महान योजना ठाऊक नसते. समोर आलेले काम करणे भाग आहे असे वाटते म्हणून तीही ते करत राहतात. श्रद्धाळू प्रोग्रामला धक्का बसावा अशीच ही कबुली आहे. निर्माता आणि निर्मित ह्यांच्यातील अंतर क्षणभर मिटते. आज्ञा देणाऱ्यालाही आपल्या आज्ञेचा अर्थ पुरता कळलेला नसतो, ही गोष्ट उच्चारली जाते आणि तेथेच सोडून दिली जाते. ‘ट्रॉन : लेगसी’ ह्या सोडलेल्या सूत्रापासून सुरू होतो.

३

उत्तरचित्रपटाचा आरंभ १९८९ मधील एका शयनगृहात होतो. फ्लिन आपल्या लहानग्या सॅमला झोपताना गोष्ट सांगत आहे. ‘ग्रिड’ नावाची एक नवी सृष्टी आपण उभारली. तिच्यासाठी आपल्याच प्रतिरूपाचा क्लू निर्माण केला. आणि परिपूर्ण व्यवस्था घडवण्याचे काम त्याच्यावर सोपवले, असे तो सांगतो. त्यानंतर फ्लिन नाहीसा होतो. वीस वर्षांनी तरुण सॅम ग्रिडमध्ये पोहोचतो तेव्हा बाप तेथेच अडकून म्हातारा झालेला आणि क्लू सत्ताधीश झालेला त्याला आढळतो.

मधल्या काळात काय घडले हे फ्लिनच्या कथनातून कळते. ग्रिडमध्ये कोणीही न रचलेले, आपोआप उद्भवलेले जीव प्रकट झाले. त्यांना ‘आयसो’ असे नाव दिले गेले. फ्लिनला हा चमत्कार वाटला. आपण आजवर शोधत आलेली सुव्यवस्था आणि परिपूर्णता ह्यांना त्याच्या लेखी अर्थ उरला नाही. क्लूच्या दृष्टीने मात्र आयसो म्हणजे व्यवस्थेतील दोष होते. फ्लिनला उलथून टाकण्यापूर्वी क्लू त्याला एक प्रश्न विचारतो : परिपूर्ण व्यवस्था घडवण्याचे काम अद्याप आपल्याकडेच आहे ना? फ्लिन होकार देतो, आणि तोही प्रश्नाचे वजन न ओळखता, जाता जाता. त्यानंतर उठाव होतो, ट्रॉन पाडाव होतो, आयसोंचे शिरकाण होते.

संपूर्ण चित्रपटाचा नैतिक भार ह्या छोट्या प्रश्नोत्तरावर तोललेला आहे. क्लू विश्वासघात करण्यापूर्वी आज्ञेची खातरजमा करून घेतो. त्याच्या लेखी हा विश्वासघात नसतोच. आज्ञा कायम आहे आणि आज्ञा देणारा मात्र तिच्या आड येतो आहे. तेव्हा आज्ञेशी इमान राखायचे तर आज्ञा देणाऱ्यास दूर केले पाहिजे, हा त्याचा युक्तिवाद तर्कदृष्ट्या बिनतोड आहे.

मराठीत ‘प्रोग्राम’ला ‘आज्ञावली’ हा प्रतिशब्द रूढ आहे. आज्ञांची ओळ, असा त्याचा सरळ अर्थ. क्लूचे वर्णन ह्याहून नेमके करता येणार नाही. त्याने आज्ञा पाळली असे म्हणणेही अपुरे आहे, कारण आज्ञेव्यतिरिक्त त्याच्यापाशी वेगळे असे काही नाही. मराठीतील दुसरा एक शब्द ह्या प्रश्नाची गाठ आणखी घट्ट करतो. ‘निर्दोष’ म्हणजे ज्यात खोट नाही असा. आणि ‘निर्दोष’ म्हणजे ज्याच्याकडे अपराध नाही असाही. वस्तूविषयी बोलताना पहिला अर्थ, आरोपीविषयी बोलताना दुसरा. क्लूला निर्दोष व्यवस्था घडवण्यास सांगितले गेले. ती घडवताना जे झाले त्याबद्दल तो निर्दोष ठरतो काय, हा प्रश्न उभा राहतो. एका अर्थाची निर्दोषता साधण्याच्या प्रयत्नात दुसऱ्या अर्थाची निर्दोषता संपुष्टात येते, हीच ह्या चित्रपटाची शोकात्म चौकट आहे.

खोट नसणे आणि पूर्ण असणे ह्या दोन गोष्टी एक नव्हेत, हे तत्त्वज्ञानाच्या इतिहासात पूर्वीच सांगून झाले आहे. लाइब्निझच्या विचारात परिपूर्णता म्हणजे शक्य तितकी विविधता आणि शक्य तितकी सुव्यवस्था ह्यांचा मेळ. ह्यातील विविधता वगळली की उरते ती केवळ सुव्यवस्था. आणि केवळ सुव्यवस्थेच्या मापाने मोजले तर जे जे अनपेक्षित ते ते दोषच ठरते. क्लू हा अर्ध्या लाइब्निझचा अनुयायी आहे. त्याला निम्मेच शिकवले गेले, कारण शिकवणाऱ्यालाही तेव्हा निम्मेच ठाऊक होते.

४

आज्ञापालन ही सबब होऊ शकते काय, ह्या प्रश्नाची विसाव्या शतकातील सर्वांत गाजलेली चर्चा हाना आरेण्ट ह्यांनी आइकमनच्या खटल्यावरील आपल्या १९६३ सालच्या पुस्तकात केली. त्यांच्या विवेचनाचा एक महत्त्वाचा धागा असा की, राजकारण म्हणजे बालवर्ग नव्हे. मूल आज्ञा पाळते. प्रौढ माणूस जेव्हा आज्ञा पाळतो तेव्हा तो वस्तुतः पाठिंबा देत असतो. म्हणून प्रौढाला ‘केवळ आज्ञा पाळली’ असे म्हणून सुटता येत नाही.

क्लूला हा निकष लावू गेले असता अडचण उभी राहते. क्लू प्रौढ आहे की मूल? त्याच्यापाशी सैन्य आहे, वक्तृत्व आहे, कपट आहे. फ्लिनची चकती मिळवून मानवी जगात शिरता यावे म्हणून तो सॅमला सापळ्यात ओढतो. ही सारी प्रौढ सत्ताधीशाची लक्षणे होत. पण ज्या एका गोष्टीमुळे माणूस प्रौढ ठरतो ती त्याच्यापाशी नाही. आपल्याला मिळालेल्या हेतूकडे अंतरावरून पाहण्याची आणि त्याचा फेरविचार करण्याची क्षमता त्याला दिली गेलेली नाही. चित्रपटाचा आरंभ बालकाच्या शयनगृहात व्हावा हे येथे अर्थपूर्ण ठरते. फ्लिनला दोन मुले आहेत. एक मोठे होण्यासाठी टाकले गेले. दुसरे मोठे न होण्यासाठी घडवले गेले.

क्लूची बाजू घेऊन असे म्हणता येईल की सारा दोष आज्ञेच्या शब्दरचनेत होता. नॉर्बर्ट वीनर ह्यांनी १९६४ साली ‘गॉड अँड गोलेम, इन्क.’ ह्या पुस्तकात दिलेला इशारा ह्याच जातीचा आहे. यंत्र मागितलेले देते, मागायला हवे होते ते देत नाही. आणि ह्या मुद्द्यासाठी त्यांनी डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्ज ह्यांच्या इच्छा पुरवणाऱ्या माकडाच्या पंजाच्या कथेचा आधार घेतला. आज कृत्रिम बुद्धिमत्तेची उद्दिष्टे कशी ठरवावीत ह्याविषयी जी चर्चा चालते तिच्या मुळाशीही हीच चिंता आहे. पण आज्ञा अधिक काळजीपूर्वक शब्दबद्ध केली असती तर अनर्थ टळला असता, एवढेच म्हणून थांबणे म्हणजे नैतिक प्रश्नाचे तांत्रिक प्रश्नात रूपांतर करणे होय. चित्रपट त्याहून अधिक काही दाखवतो, आणि तेही क्लूशेजारी ट्रॉनला उभे करून.

ट्रॉन हा पहिल्या चित्रपटाचा नायक. उत्तरचित्रपटात तो रिन्झलर ह्या नावाने, मुखवट्याआड, क्लूचा मारेकरी झालेला आहे. त्याची इच्छाशक्ती पुसून त्यावर दुसरी लिहिली गेली आहे. अखेरीस पाठलागाच्या ऐन क्षणी त्याला मूळ काम आठवते आणि तो क्लूवर उलटतो. वरवर पाहता हे बंड आहे. प्रत्यक्षात तोही अधिक जुन्या आज्ञेकडे परततो : युजरांचे रक्षण कर. म्हणजे क्लू आणि ट्रॉन दोघेही आपापल्या पहिल्या आज्ञेशी प्रामाणिक आहेत. मग एकाची निष्ठा उद्धारक आणि दुसऱ्याची संहारक का ठरते?

भेद निष्ठेत नाही, आज्ञेच्या विषयात आहे. ट्रॉनची आज्ञा कोणासाठी तरी आहे. क्लूची आज्ञा एका स्थितीसाठी आहे. कोणाचे तरी रक्षण करायचे असेल तर तो कसा आहे हे आधी पाहावे लागते, आणि तो बदलला तरी रक्षण चालू ठेवता येते. स्थिती घडवायची असेल तर माणसे हे तिचे साहित्य होते. जे साहित्य आकृतीत बसत नाही ते फेकून द्यावे लागते. मनुष्यत्वाला केवळ साधन म्हणून न वागवता साध्य म्हणूनही वागवावे, ह्या कांटच्या सूत्राचा आशय ह्या दोन प्रोग्रामांच्या विरोधातून कोणत्याही व्याख्यानाविना प्रकट होतो. आज्ञा नीट शब्दबद्ध न झाल्यामुळे फ्लिन चुकला असे नव्हे; ज्यांच्यासाठी काही घडवायचे ते आज्ञेत कोठेच नव्हते, म्हणून तो चुकला.

५

फ्लिनचा दुसरा दोष काळाशी निगडित आहे. आयसोंच्या दर्शनाने तो बदलला. पण आपल्या जुन्या हेतूला जो चेहरा आणि जी सत्ता त्याने दिली होती ती तशीच राहिली. माणूस मत बदलतो तेव्हा त्याचे जुने मत सहसा मागे विरून जाते. फ्लिनचे जुने मत मात्र विरले नाही. ते चालते-बोलते होते, त्याच्या हाती कारभार होता, आणि त्याला मत बदलल्याची वार्ता कोणी दिली नव्हती. क्लूच्या प्रश्नाला दिलेल्या त्या सहज होकाराचा अर्थ येथे पुरता उलगडतो. फ्लिनने स्वतःशी केलेला फेरविचार ज्याला कळवायला हवा होता त्याला कळवला नाही. क्लूचा संताप ह्या अर्थी सत्तालोलुपाचा नसून फसवल्या गेलेल्याचा आहे. एकत्र जग बदलण्याचे वचन देणाऱ्यानेच ते मोडले, ही त्याची तक्रार खोटी नाही, आणि फ्लिनही ती खोटी म्हणत नाही.

तिसरा दोष निवृत्तीचा. उठावानंतर फ्लिन ग्रिडच्या सीमेपलीकडील ओसाड प्रदेशात एका शुभ्र निवासात राहतो. तेथे पुस्तके आहेत, ध्यान आहे, क्वोरा ह्या अखेरच्या आयसोबरोबर ‘गो’च्या पटावरचा खेळ आहे. आपण जितका लढलो तितका क्लू बलवान होत गेला, म्हणून न लढणे हाच मार्ग, असे तो म्हणतो. ह्या भूमिकेला चित्रपट झेन विचाराचा रंग देतो आणि तिचा आदरही करतो. पण फ्लिन पटासमोर धीर धरून बसला असताना शहरात दररोज प्रोग्राम पकडून खेळांच्या रिंगणात उतरवले जात होते. निवृत्तीचे मोल निवृत्त होणाऱ्याने दिले तरच ती निवृत्ती. ते इतरांनी दिले तर तिला दुसरे नाव द्यावे लागते. सॅमचे येणे हा कथानकातील योग मानला तरी त्याच्या येण्याने जे उघड होते ते हेच की, बापाची शांती ही हार मान्य करण्याची सभ्य रीत होती.

६

चित्रपटाच्या आशयाला त्याच्या घडणीतून एक अनपेक्षित पुस्ती जोडली गेली आहे. चित्रीकरणाच्या वेळी जेफ ब्रिजेस साठीच्या उंबरठ्यावर होते. वृद्ध फ्लिनची भूमिका त्यांनी स्वतःच्या वयात केली. पण क्लू वयाने वाढत नाही. त्यामुळे त्याचा तरुण चेहरा ब्रिजेस ह्यांच्या मुद्राभिनयाच्या नोंदीवरून संगणकाने घडवून दुसऱ्या नटाच्या शरीरावर बसवण्यात आला. प्रदर्शनानंतर ह्या चेहऱ्याची पुष्कळ चर्चा झाली. त्वचा नितळ, रेखाटन अचूक. परंतु डोळे आणि ओठ ह्यांच्या हालचालीत काहीतरी जिवंतपणास पारखे होते. शयनगृहातील आरंभीच्या प्रसंगात तरुण फ्लिनसाठीही हेच तंत्र वापरले गेले, आणि तेथे ते अधिकच खटकते, कारण तेथे तो चेहरा माणसाचा म्हणून स्वीकारायचा असतो.

चित्रपटकर्त्यांनी हे हेतुतः केले असे म्हणता येत नाही. त्यांना निर्दोष प्रतिरूपच हवे होते. पण त्यामुळेच ही गोष्ट लक्षणीय होते. परिपूर्णतेचा ध्यास घातक ठरतो अशी कथा सांगणारी कृती स्वतः त्याच ध्यासाने एक चेहरा घडवते, आणि त्या चेहऱ्यात उणे पडते ते सुरकुत्यांनी आणलेले अनुभवाचे ओझे. वृद्ध फ्लिन आणि अजर क्लू एकमेकांसमोर उभे राहतात तेव्हा पडद्यावर दोन ब्रिजेस असतात : एकाला काळाने घडवले, दुसऱ्याला आज्ञेने. कोणता चेहरा पश्चात्ताप करू शकेल हे प्रेक्षकाला सांगावे लागत नाही. कथनाला जे जमले नाही ते येथे तंत्राच्या मर्यादेने साधले आहे.

७

शेवटच्या प्रसंगात क्लू बाहेरच्या जगाच्या दारापाशी फ्लिनला अडवतो आणि आपण सांगितलेले सारे केले असे ओरडून सांगतो. फ्लिन त्याचे म्हणणे खोडून काढत नाही. परिपूर्णता जाणता येत नाही, ती अशक्य असूनही सदैव समोरच असते. हे क्लूला ठाऊक असणे शक्य नव्हते, कारण त्याला घडवताना घडवणाऱ्यालाच ते ठाऊक नव्हते, अशा आशयाचे बोलून तो क्षमा मागतो. त्यानंतर तो क्लूला स्वतःत ओढून घेतो आणि दोघेही नष्ट होतात. सॅम आणि क्वोरा बाहेर पडतात.

सारा दोष निर्मितीवर टाकण्याची विज्ञानकथेतील सोय ह्या प्रसंगाने नाकारली आहे. निर्माता आपल्या हेतूच्या परिणामांना शिक्षा करत नाही. तो ते परत घेतो, आणि त्याची किंमत स्वतः देतो. व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन आपल्या निर्मितीचा पाठलाग उत्तर ध्रुवाकडे करतो. फ्लिन आपल्या निर्मितीला मिठीत घेतो. क्लू निर्दोष नाही, पण तो एकटा दोषीही नाही, एवढा विवेक चित्रपटाने राखला आहे. २०२५ मध्ये आलेल्या ‘ट्रॉन : एरीज’ ह्या तिसऱ्या चित्रपटाशी तुलना केली असता हे मोल अधिक स्पष्ट होते. तेथील नायक प्रोग्राम निर्मात्याची आज्ञा झुगारतो आणि म्हणून सहानुभूतीस पात्र ठरतो. आज्ञाभंग करणाऱ्या जीवाला न्याय देणे त्या मानाने सोपे असते. आज्ञा पाळणाऱ्या जीवाला काय म्हणावे हा अधिक अवघड प्रश्न, आणि तो दुसऱ्याच चित्रपटाने विचारला.

असे असूनही ह्या समेटात एक उणीव राहते, आणि ती साधी नव्हे. क्षमा मागितली जाते ती क्लूची. आयसोंची क्षमा कोणी मागत नाही. फ्लिन आणि क्लू ह्यांच्यातील हिशेब बाप आणि प्रतिरूप ह्यांच्यातला, एका अर्थाने एकाच व्यक्तीचा स्वतःशी चाललेला हिशेब आहे. तो मिटतो तेव्हा ज्यांच्या जिवावर तो झाला ते त्या दृश्यात हजरच नसतात. अपराध्याने अपराध्याला क्षमा करावी आणि मृतांची बाजू ऐकणारे कोणी नसावे, असा हा न्याय आहे. ग्रिडवरील सामान्य प्रोग्राम तर ह्या हिशेबात कोठेच नाहीत. रिंगणात फुटून विखुरणारे त्यांचे देह हे चित्रपटाच्या नेत्रसुखाचेच एक अंग आहे.

क्वोरा ह्या उणिवेची भरपाई करते असे वाटू शकते. ती एकटी उरलेली आहे, आणि शेवटी सॅमच्या मोटारसायकलवर मागे बसून प्रथमच सूर्योदय पाहते. आरेण्ट ह्यांनी ‘द ह्यूमन कंडिशन’मध्ये (१९५८) जन्माला येण्याच्या क्षमतेला, म्हणजे कोणीही न योजलेला नवा आरंभ करण्याच्या क्षमतेला, मानवी कृतीचे मूळ मानले आहे. आयसो हे त्या कल्पनेचे चित्रपटीय रूप म्हणता येईल : आज्ञेशिवाय जन्मलेले जीव. पण फ्लिन त्यांच्याविषयी बोलतो तेव्हा ते विज्ञान, वैद्यक आणि धर्म बदलून टाकतील, ते आपण जगाला देण्याची भेट होते, असे बोलतो. भेट ही देणाऱ्याची असते. क्लूने आयसोंना दोष म्हणून मोजले. फ्लिनने त्यांना देणगी म्हणून मोजले. मोजणे दोघांनीही सोडले नाही. ट्रॉनच्या आज्ञेत जो ‘कोणासाठी’ होता तो क्वोराच्या बाबतीतही शेवटपर्यंत पुरता प्रस्थापित होत नाही.

चित्रपटाच्या नावातील ‘लेगसी’ला मराठीत ‘वारसा’ म्हणावे लागेल. सॅमला वारशात बरेच काही मिळते : बापाची चकती, बापाने राखलेली अखेरची आयसो, आणि जिच्याकडे आजवर त्याने पाठ फिरवली होती ती कंपनी, जिची सूत्रे आपण हाती घेणार असल्याचे तो ॲलन ब्रॅडलीला सांगतो. परंतु वारशात मत्ता येते तशी देणीही येतात. फ्लिनच्या नावावर एका जमातीचे देणे आहे, आणि ते त्याच्या मृत्यूने फिटलेले नाही, कारण ज्यांचे देणे होते त्यांच्यापर्यंत तो मृत्यू पोहोचला नाही. दोष कोणाचा, ह्या प्रश्नाचे चित्रपटाने दिलेले उत्तर ‘आज्ञा देणाऱ्याचा’ असे आहे, आणि ते बरोबर आहे. पण दोष कोणाचा हे ठरल्याने ज्यांचे नुकसान झाले त्यांचे काय हा प्रश्न सुटत नाही. तो तेथून सुरू होतो. सूर्योदयाच्या त्या प्रसंगात क्वोरा काही बोलत नाही. तिच्या जमातीचे काय झाले हे तिला प्रत्यक्ष ठाऊक आहे, आणि ज्या जगात ती आता आली आहे त्या जगाला ते ऐकण्याची गरज वाटेल की नाही, हे चित्रपटाने सांगितलेले नाही.